नवोदयची प्रवेश परीक्षा, तिचे क्लास आणि आत गेल्यावरची सहावी : एका आईचा रिव्ह्यू

ज्यांचं मूल सध्या चौथी-पाचवीत आहे आणि घरात नवोदयचा (केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा) विषय सुरू झालाय त्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. आमची मुलगी आता नवोदयला आठवीत आहे, म्हणजे फॉर्मची गडबड, क्लासवाल्यांचे फोन, रिझल्टची वाट आणि मग ते सहावीचं पहिलं वर्ष, सगळं बघून झालंय. यूट्यूबवर बघावं तर जो तो कट-ऑफ किती लागणार आणि कुठल्या घटकावर किती प्रश्न येणार एवढंच सांगतो. मूल आत गेल्यावर काय होतं, कोणतं मूल रुळतं, कोणाला जड जातं, यावर कोणी नीट बोलत नाही आणि आईबापाला आधी तेच कळायला पाहिजे असं मला वाटतं.

मत आधीच सांगून टाकते. शाळेला पाचपैकी साडेचार. प्रवेश परीक्षेला साडेतीन, कारण ती पोराचं डोकं बरोबर ओळखते पण पोर तिथे राहायला आणि शिकायला तयार आहे का ते तिला कळत नाही. आणि "नवोदय स्पेशल" म्हणून जे क्लास चालतात त्यांना पाचपैकी एक, तोसुद्धा ओएमआर शीट (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) भरायची सवय होते म्हणून.

परीक्षेपासून सुरू करते. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. त्यात ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. पेपर मराठीतून देता येतो, निगेटिव्ह मार्किंग नाही. एकदाच बसता येतं, यावर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी बघू असं इथे चालत नाही. ओएमआर शीट निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच भरायची असते, पेन्सिल चालत नाही, म्हणजे एकदा गोल काळा केला की खोडता येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोराला हे खूप नवीन असतं हे लक्षात घ्या.

बुद्धिमत्तेचा भाग मला खरंच आवडला. सगळा आकृत्यांचा आहे, दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, अपूर्ण नक्षी पूर्ण करा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती, कागदाची घडी घालून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, असं सगळं. वाचायला एक ओळसुद्धा नसते म्हटलं तरी चालेल. ज्या घरात पुस्तक नाही, आईवडील शिकलेले नाहीत, इंग्रजी कोणाच्या कानावर पडत नाही, त्या घरातलं पोरगंही इथे शहरातल्या पोराच्या बरोबरीने बसू शकतं. परीक्षा अशी ठेवली त्याच्यामागे विचार आहे आणि तो योग्य आहे.

घडीच्या प्रश्नांचं सांगते. आमच्या मुलीला ते पुस्तकातून अजिबात कळत नव्हते. मग आम्ही रद्दीतल्या पेपरचे चौकोन कापले, ती घडी घालायची, मी कात्रीने कोपऱ्याला किंवा मध्ये छोटा काप द्यायचे, आणि घडी उघडायच्या आधी तिने वहीत काढून दाखवायचं की भोकं कुठे कुठे येणार. पहिल्यांदा एकच भोक काढलं तिने, उघडलं तर चार. मग तीच म्हणाली की अगं दोनदा घडी घातलीय ना, मग चार येणारच. त्यानंतर तिला कुठलाही पेपर द्या, त्या प्रकारात चुकली नाही. क्लासमध्ये याच प्रश्नाला काय शिकवलं माहितीये का, आधी पर्याय बघा, भोकांची संख्या जुळत नाही ते उडवा, उरलेल्यातून ठोका. उत्तर येतं बरोबर, पण पोराच्या डोक्यात घडी उघडतच नाही.

आता क्लासचंच बोलते. आम्ही तालुक्याच्या गावी एका क्लासला घातलं होतं, नाव लिहीत नाही कारण सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच चालतं. सुरुवातीला निवासी बॅचला टाका म्हणून खूप मागे लागले होते, वर्षाचा आकडा पाऊण लाखाच्या घरात सांगितला, आम्ही नाही म्हटलं आणि नुसत्या सकाळच्या बॅचला पाठवलं. रोज एक प्रश्नपत्रिका, रोज मार्क, मार्कांप्रमाणे बसायची रांग. जी पोरं शेवटच्या रांगेत जायची ती तिथेच राहायची, त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही, कारण क्लासला बोर्डावर लावायला निवड झालेल्यांचे फोटो पाहिजेत. सगळ्यात खटकलं ते भाषेच्या उताऱ्यांचं. चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न. सर म्हणायचे मराठी आपलीच भाषा आहे, त्याला काय वेळ घालवायचा, आधी प्रश्न वाचा आणि मग उताऱ्यात तो शब्द शोधा. उतारा पूर्ण वाचूच नका असं शिकवतात हो पोरांना! वर्षभर जे पोर एकही पान पूर्ण न वाचता मार्क मिळवतं ते पुढे सहावीत एनसीईआरटीचं, म्हणजे सीबीएसईच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक कसं वाचणार? दिवाळीनंतर आम्ही क्लास सोडला, उरलेली फी काही परत मिळाली नाही.

निवासी क्लासबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही पैशापेक्षा महत्त्वाची आहे. नवोदयच्या कमीत कमी ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, पण ग्रामीण धरलं जायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेतच झालेली पाहिजेत. त्यातला एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला तर मूल शहरी धरतात. आणि पाचवीला शाळा ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याच्या नवोदयला फॉर्म भरता येतो. आमच्या ओळखीत एका घरी पोराला चांगली तयारी व्हावी म्हणून पाचवीला नगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळेत नाव घातलं आणि क्लास लावला. तयारी झाली असेलही, पण तो बिचारा ग्रामीणमधून बाहेर गेला. क्लासवाल्यांनी ही गोष्ट त्यांना एका शब्दाने सांगितली नव्हती. काही ठिकाणी याच्या उलटं चालतं, नाव गावच्या शाळेच्या पटावर आणि पोरगं वर्षभर क्लासच्या हॉलमध्ये. म्हणजे पाचवी झालीच नाही. त्या वर्षाचं इंग्रजी, परिसर अभ्यास, गोष्टींची पुस्तकं, मैदान, सगळं गेलं.

ही शाळा कोणासाठी काढली ते बघा. १९८६ चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं त्या सुमाराला, १९८५-८६ मध्ये, देशात पहिल्या दोन नवोदय शाळा सुरू झाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. कल्पना एवढीच की खेड्यातलं हुशार पोर आईबापाकडे पैसे नाहीत म्हणून मागे राहायला नको. आज तमिळनाडू सोडलं तर देशात सगळीकडे जिल्ह्याजिल्ह्यात नवोदय आहे, आपल्याकडे लोक गावाच्या नावानेच ओळखतात, पलूसचं नवोदय, टाकळी ढोकेश्वरचं, पोखरापूरचं, कागलचं. गोव्यात वाळपई आणि काणकोणला आहे. सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या एक तृतीयांश मुलींना. एससी, एसटी, ओबीसी, दिव्यांग यांचं आरक्षण आहे. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून महिन्याला ६०० रुपये विकास निधी घेतात पण मुलींना, एससी-एसटीला, दिव्यांगांना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. सरकारी नोकरदारांच्या मुलांना जास्त आहे, महिन्याला १५०० रुपये.

पण एक सांगू का, ज्याच्यासाठी शाळा काढली ते पोर अजूनही परीक्षेला पोचत नाही. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, पोरं बरोबर जातात, आणि नवोदयची परीक्षा आपल्याकडे ऐन हंगामातच असते. माझ्याच अंगणवाडीतून गेलेली एक मुलगी, आकड्यांना इतकी तल्लख की विचारू नका, पाचवीच्या वर्षी कारखान्यावर पाचटाच्या खोपीत होती. फॉर्म भरला होता गुरुजींनी, परीक्षेला आणायला कोणी नव्हतं. एकदाच बसता येतं म्हटल्यावर संपलं तिचं. हा दोष परीक्षेच्या दर्जाचा नाही, पण प्रवेशाचे निकष काय असावेत यावर बोलणाऱ्यांनी आधी हे बोलावं असं मला मनापासून वाटतं. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांना निदान दुसऱ्यांदा बसायची संधी द्या, काय बिघडणार आहे?

आता आत गेल्यावरचं. हे नीट वाचा.

सहावीत जी ८० मुलं येतात त्यातलं प्रत्येक मूल आपल्या शाळेत पहिलं आलेलं असतं. इथे येऊन त्यातलं कोणीतरी पन्नासावं येतं. पोरांना हा धक्का फार मोठा असतो आणि आईबापांना त्याहून मोठा. पहिल्या युनिट टेस्टनंतरच्या भेटीच्या रविवारी शाळेच्या आवारात झाडाखाली डबे उघडून बसलेली कुटुंबं आठवतात मला, निम्मे बाप पोराला मार्कांबद्दलच बोलत होते आणि पोरं मान खाली घालून पुरणपोळी खात होती. कृपा करून असं करू नका, पोर महिन्याने भेटलेलं असतं.

मग भाषा. नियमाप्रमाणे सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेतून किंवा राज्याच्या भाषेतून शिकवायचं आणि त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्र हिंदीतून. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात बरेच शिक्षक बाहेरच्या राज्यातले असतात, बदल्या देशभर होतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वर्गात हिंदी ऐकू येते, पुस्तकं एनसीईआरटीची, बोर्ड सीबीएसई. आमच्या मुलीच्या शाळेत सुरुवातीला काही आठवडे ब्रिज कोर्स (मागचं राहिलेलं भरून काढायचा वर्ग) घेतला, तो चांगला होता पण कमी पडला. तिला विज्ञान समजत होतं, पण शंका विचारायची तर वाक्य हिंदीत जुळवेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले. ती गप्प बसायला लागली. घरी बडबड करणारी पोरगी रविवारी हाऊस टीचरच्या फोनवरून नुसतं "हो, बरं आहे" म्हणायची. शाळेकडे माझी मोठी तक्रार हीच आहे, की मूल गप्प झालंय हे कोणाच्या लवकर लक्षात येत नाही, कारण गप्प मूल त्रास देत नाही. पुढे मराठीच्या मॅडमनी ओळखलं आणि तिला संध्याकाळच्या अभ्यासाला वरच्या वर्गातल्या एका ताईजवळ बसवलं, तिथून गाडी रुळावर आली.

आणि मी मुद्दाम लक्ष ठेवून होते की तिच्या वर्गात कोणाला जड जातंय. बुद्धिमत्तेत कमी असलेलं असं कोणी नव्हतंच, परीक्षेने ते काम चोख केलेलं होतं. जड जात होतं ते स्वतः पुस्तक उघडून न वाचणाऱ्या पोरांना. कोणीतरी समोर उभं राहून प्रश्न टाकला तर फटाफट उत्तर, पण धडा दिला आणि वाचून काय कळलं ते लिही म्हटलं तर कोरी वही. निवासी क्लासमधून आलेली दोन-तीन मुलं अशी होती, वर्षभर गोल काळे करून आलेली, चार ओळी सलग लिहायची वेळ आली की अडायची. उलट वस्तीशाळेतून आलेली एक मुलगी होती, गुरुजींनी वाचनाचं वेड लावलेलं, तिची हिंदी सुरुवातीला ऐकवत नव्हती, पण पुढच्या वर्षापर्यंत तीच वर्गात पुढे.

तिसरी गोष्ट राहण्याची. अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी हाऊस असतात, मोठी डॉर्मिटरी, पत्र्याची पेटी आणि तिला कुलूप. पहाटे उठून पीटी, मग नाश्ता, प्रार्थना, शाळा, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास. कपडे स्वतः धुवायचे. आमच्या मुलीचा पीटीचा पांढरा ड्रेस पहिल्या भेटीत बघितला तेव्हा कॉलर आणि मनगटाला पिवळट झालेली होती, साबण सगळीकडे लावलेला पण घासलेलं कुठेच नव्हतं, खळबळून तसाच वाळत टाकलेला. तिथेच नळावर तिला दाखवलं की कॉलर आधी ओली करून साबण लावून ठेवायची, मग बाकीचं धुवायचं, शेवटी कॉलर घासायची. केस विंचरणं हा दुसरा प्रश्न, लांब केस असतील तर जायच्या आधी कापून टाका सरळ, उवा होतात आणि सकाळी वेळ नसतो. मुलींच्या आयांनो, पाळीबद्दल सगळं नीट समजावून, पॅड कसा लावायचा, कुठे टाकायचा हे दाखवून पाठवा. बऱ्याच जणींची पहिली वेळ तिथेच येते आणि मेट्रन मॅडम चांगल्या असल्या तरी एवढ्या मुलींना एकट्या किती पुरणार.

पहिल्या सत्रात काही मुलं परत गेली. कोणी रडून रडून, कोणी आईनेच नेलं. त्या पोरांना कोणी कमी समजू नका. पण त्यातली बरीचशी अशी होती की त्याआधी एक रात्रही आईशिवाय झोपली नव्हती. परीक्षेसाठी वर्षभर तयारी आणि राहण्यासाठी तयारी शून्य, असं का करतो आपण?

माझे मोठे दीर अमेरिकेत सॅन होजेला असतात, त्यांच्याशी या विषयावर फोनवर खूप वाद झाला म्हणून तेही सांगते. त्यांच्या जवळ सॅन फ्रान्सिस्कोत लॉवेल नावाचं सरकारी हायस्कूल आहे, मार्क आणि परीक्षेवर प्रवेश देणारं, फार नावाजलेलं. कोरोनात परीक्षा घेता आल्या नाहीत म्हणून त्यांनी लॉटरीने प्रवेश दिले. २०२१ ला लॉटरीतून आलेल्या पहिल्या बॅचमध्ये नववीच्या जवळपास २४ टक्के मुलांना पहिल्याच सत्रात निदान एका विषयात डी किंवा एफ (सगळ्यात खालच्या दोन श्रेणी) मिळाला, आदल्या वर्षी हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं. मग २०२२ मध्ये तिथल्या शाळा बोर्डाने परत गुणवत्तेवर प्रवेश द्यायचं ठरवलं. दीर म्हणाले बघ, निकष ढिले केले की असं होतं. मी म्हटलं त्या मुलांचं आधीचं अख्खं वर्ष स्क्रीनसमोर गेलेलं होतं, सगळं खापर लॉटरीवर कसं फोडता? पण त्यांचं एक म्हणणं मला पटलं, की वेगळ्या तयारीची मुलं आत घेतलीत तर शाळेनेही पहिल्या वर्षी वेगळं काहीतरी करायला पाहिजे, दार तेवढं उघडून चालत नाही. नवोदयने ते बऱ्यापैकी केलंय म्हणूनच खेड्यातलं पोर तिथे टिकतं. २०२५ ला सीबीएसई दहावीत नवोदयचा निकाल ९९.४९ टक्के लागला. यातली बहुतेक पोरं सहावीला आली ती इंग्रजी हा वेगळा विषय नसलेल्या परीक्षेतून हे लक्षात घ्या.

म्हणून कोणी म्हणतं ना की प्रवेश परीक्षा अवघड करा, त्यात इंग्रजी टाका, म्हणजे तयार मुलंच आत येतील, त्याला माझा ठाम विरोध आहे. इंग्रजी टाकलं की इंग्लिश मीडियमची पोरं येणार आणि जिल्हा परिषदेची बाहेर राहणार. बदल करायचाच असेल तर भाषेच्या भागात दोन-चार वाक्यं स्वतः लिहायला लावणारा एखादा प्रश्न ठेवा, मराठीतच ठेवा. तपासायला कष्ट पडतील, पडू देत. त्या एका प्रश्नामुळे सगळे क्लासवाले उद्यापासून पोरांना वाचायला-लिहायला लावतील. आणि ब्रिज कोर्स काही आठवड्यांवर न थांबता पूर्ण पहिलं सत्र चालू द्या, शिकवायला मराठी येणारा एक तरी शिक्षक त्यात असू द्या.

तयारीचं विचाराल तर माझं म्हणणं असं की शिष्यवृत्ती परीक्षेचा (आमच्या वेळी ती पाचवीला होती, आता चौथीला आणलीय) अभ्यास नीट करा, त्यातच नवोदयचं बरंचसं होतं. तिथे दोन पेपर असतात, मराठी आणि गणित एकात, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता दुसऱ्यात, एकूण ३०० गुण. इंग्रजी त्यात असल्यामुळे पुढच्या सहावीला फार उपयोग होतो. नवोदयच्या आकृत्यांच्या प्रकारांसाठी बाजारात मिळणारं कुठलंही एक चांगलं गाईड पुरतं, चार-चार गाईडं आणू नका, प्रश्न सगळीकडे तेच असतात. अंकगणितात लसावि-मसावि, अपूर्णांक, दशांश, नफा-तोटा, क्षेत्रफळ एवढं पक्कं पाहिजे आणि ते पाठांतराने होत नाही. रोज झोपताना एखादं पान मोठ्याने वाचून घ्या आणि काय वाचलं ते पोराच्या शब्दात ऐका. हिंदी कार्टून बघत असेल तर या एका वर्षापुरतं बघू द्या, कानाला सवय होते. सुट्टीत मामाकडे, आत्याकडे आठ-दहा दिवस एकटं ठेवा, फोन कमी करा. स्वतःचे मोजे, रुमाल, डबा धुवू द्या. आमच्या घरी हे आजींनी केलं, त्यांनी मुलीला चादरीची घडी घालायला, बटण लावायला शिकवलं, आणि तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात अर्ध्या डॉर्मिटरीची बटणं हिने लावून दिली, मैत्रिणी तिथूनच झाल्या.

फॉर्मचं पटकन सांगते. ऑनलाइन भरायचा, फी नाही, एक रुपयाही नाही, सेतूवाला भरून देण्याचे घेतो तेवढेच. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट, मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकाची सही अपलोड करावी लागते, प्रत्येक फाईल १० ते १०० केबीच्या आत, तिथे बऱ्याच जणांचं अडतं. जन्मतारीख आधार, शाळेचा दाखला आणि फॉर्म तिन्हीकडे एकच आहे ना ते आधीच बघा. निवड झाल्यावर कागदपत्रं तपासताना याच्यावरून लोकांची धावपळ झालेली बघितली आहे. पहिल्या यादीत नाव नाही आलं तर लगेच दुसरीकडे दाखला काढायची घाई करू नका, काही मुलं प्रवेश घेत नाहीत आणि वेटिंगमधून नंतर बोलावतात.

नववीत अजून एक टप्पा येतो तोही आत्ताच माहीत असू द्या. नववीला साधारण ३० टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात, आपली पोरं हिंदी भाषिक राज्यात जातात आणि तिकडची आपल्याकडे येतात. आमच्या मुलीचं पुढच्या वर्षी कळेल. ती जायला एका पायावर तयार आहे, तिचे बाबा नाहीत, घरात रोज यावर चर्चा चाललीय. मी म्हणते जाऊ दे, हिंदीला घाबरून गप्प बसलेली पोर आज तिकडे जायचं म्हणतेय हीच मोठी गोष्ट आहे.

आणि ज्यांचं सहावीला नाही झालं त्यांच्यासाठी, नववीला लॅटरल एंट्रीची, म्हणजे मधूनच प्रवेश घ्यायची परीक्षा असते. आठवीत शिकणारी मुलं देऊ शकतात. तिचा पेपर मात्र एकदम वेगळा आहे, गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५, अडीच तास, आणि तो इंग्रजी किंवा हिंदीतूनच द्यावा लागतो, मराठीतून नाही. आकृत्या वगैरे काही नाही, थेट आठवीचा अभ्यास. जागा रिकाम्या असतील तेवढ्याच भरतात, त्यामुळे काही जिल्ह्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. ही परीक्षा द्यायची असेल तर सहावी-सातवीपासूनच गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द कानावर पडू द्यात, आपल्या सेमी इंग्लिशच्या मुलांना तिथे फायदा होतो. कोणाला सहावीच्या पहिल्या महिन्यात पेटीत काय काय द्यायचं त्याची यादी हवी असेल तर खाली विचारा, संध्याकाळी अंगणवाडीतून आले की उत्तर देते.